जुन्या शाळेचं छप्पर आणि सांवेर रोडचं पोलाद

इंदूरमध्ये होळकरांच्या काळात सुरू झालेल्या शाळा-कॉलेजांपैकी बरीच आजही भरतात. शिवाजीराव होळकरांनी 1891 मध्ये सुरू केलेलं होळकर कॉलेज, मल्हाराश्रम, अहिल्याश्रम ही नावं इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात. कुणाचे आजोबा तिथे शिकले, कुणाच्या आईने तिथे शिकवलं. पावसाळा आला की कुठल्यातरी जुन्या शाळेच्या भिंतीला ओल येते, छताचा पोपडा पडतो आणि माजी विद्यार्थ्यांत तोच वाद पुन्हा सुरू होतो: पाडून नवी बांधायची, की दुरुस्त करून वापरायची?

पुढचा संवाद मी जुळवून लिहिला आहे. बोलणारे दोघे म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत आणि शाळेचं नावही देत नाही, कारण हे वर्णन एकापेक्षा जास्त शाळांना लागू पडेल. इमारती, सनावळी, कायदे, दुर्घटना मात्र जशा घडल्या तशाच सांगितल्या आहेत.

जागा सांवेर रोडची. बाणगंगेच्या पुढे उज्जैनच्या दिशेने निघालं की दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या शेड लागतात. त्यातल्या एका शेडमध्ये लोखंडी कैच्या, जिने, प्रयोगशाळेची टेबलं, शाळेचे बाक तयार होतात. शेडच्या मालकाने पन्नाशी ओलांडली आहे. त्याला आठवीत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या समितीने तीन मजली सिमेंट-काँक्रीटची नवी इमारत सुचवली आहे, आणि त्यासाठी देणगी मागायला बाई स्वतः आल्या आहेत.

बाई : तुझा निरोप मिळाला. नव्या इमारतीला पैसे देणार नाही, दुरुस्तीला मात्र लागेल तेवढं पोलाद देईन. असं का? तुझा धंदाच नव्या बांधकामांवर चालतो.

कारखानदार : म्हणूनच म्हणतो, बाई. नवी बांधकामं मी रोज बघतो. तीस वर्षांची स्लॅब खालून फुटलेली, गज उघडे पडलेले. आपल्या शाळेची भिंत शंभरी ओलांडून उभी आहे. तिला पाडायच्या आधी तिला काय झालंय ते तरी कुणी तपासलंय का?

बाई : मी त्या इमारतीत तीसएक वर्षं शिकवलं. बाहेरून येणाऱ्याला कमानी दिसतात, मला जुलै महिना दिसतो. वर्गाच्या कोपऱ्यात बादली आणि बादलीपासून लांब सरकवलेले बाक. प्रयोगशाळेतलं कपाट वाळवीने आतून पोखरलं होतं, हात लावला तर फळी हातात आली. वरच्या मजल्यावर छत इतकं उंच की मागच्या बाकापर्यंत माझा शब्द धड पोचत नसे, नुसता घुमत राही. मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या पार टोकाला. पावसाळ्यात तिथवर जावं लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नसत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही मुलं सुटीत खेळलात, तुम्हाला पडवी आठवते.

कारखानदार : यातलं एकही खोटं नाही. पण बादली छपरामुळे ठेवावी लागली, भिंतीमुळे नाही. वाळवी ओलीमुळे आली. स्वच्छतागृह लांब बांधलं ते कुणीतरी तसं ठरवलं म्हणून. यासाठी अख्खी शाळा कशाला पाडायची?

बाई : कारण शंभर वर्षं कुणी ते दुरुस्त केलं नाही. पुढची शंभर वर्षं करतील असं तू कशावरून म्हणतोस?

बाईंचा हा प्रश्न मला सगळ्या वादाच्या मुळाशी असलेला वाटतो. जुन्या इमारतींवर प्रेम करणारे बहुतेक जण त्याला बगल देतात. इमारत टिकू शकते एवढं सांगून ते थांबतात. तिची देखभाल कोण करणार, कुठल्या पैशातून, दर वर्षी कोणत्या महिन्यात, हे विचारलं की बोलणं कमानींच्या सौंदर्याकडे वळतं. इंदूरच्याच डेली कॉलेजची 1912 मधली देखणी इमारत आज उत्तम स्थितीत आहे, पण तिच्यामागे फी भरणारे पालक आहेत. सरकारी शाळेमागे तसं कोणी नसतं.

बाई : आणि आता नुसत्या बादलीचा प्रश्न राहिलेला नाही. 25 जुलै 2025 आठव. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातलं पिपलोदी, आपल्या माळव्याला लागूनच. सकाळी सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं दगावली. त्या दिवसापासून कुणी मला वारसा म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे ती मुलं येतात. मुलाच्या डोक्यावर पडू शकेल असं छप्पर कितीही जुनं असो, मला नको.

कारखानदार : मलाही नको. संशय असेल ती खोली आज बंद करा, उद्यावर ढकलू नका. मुलांना दुसरीकडे बसवा, गरज पडली तर दोन पाळ्यांत शाळा भरवा. तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. पण कुठली खोली धोक्याची हे अंदाजाने ठरत नाही, ते मोजावं लागतं.

बाई : कसं मोजणार?

कारखानदार : वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात ती तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग आहे ना, जी बघून सगळे घाबरतात? आपण काळ्या मातीवर बसलोय. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. तिच्यावरची भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी खाली बसते. त्यामुळे काही भेगा मे महिन्यात उघडतात आणि भादव्यात मिटतात. अशी भेग पन्नास वर्षं जुनी असू शकते. काही भेगा मात्र फक्त वाढतात, खऱ्या धोक्याच्या त्या. दोन्हींतला फरक डोळ्याला कळत नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची आणि तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. मग तिथे मोजखुणा लावून वर्षभर नोंद ठेवायची, म्हणजे भेग उघडझाप करतेय की नुसती रुंदावतेय ते कळतं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा, तोवर त्या खोलीत वर्ग नाही.

बाई : आणि नुसती रुंदावत असेल तर?

कारखानदार : तर पाया तपासायचा. बहुतेक वेळा कारण बाजूलाच सापडतं. पन्हळ तुटलेली असते, छपराचं सगळं पाणी वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात पडत असतं आणि तिथली माती बाकीपेक्षा जास्त फुगते. नाहीतर भिंतीला लागून पिंपळ उगवलेला असतो. आधी पाणी वळवायचं, झाड मुळासकट काढायचं, मग भिंत शिवायची. आपल्याकडे उलटं होतं. भेगेत सिमेंट भरतात, वरून रंग देतात आणि पुढच्या वर्षी शेजारी दुसरी भेग पडते.

सिमेंटचा विषय निघाला की हा माणूस थांबत नाही. त्याचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे, कारण जुन्या शाळांची सगळ्यात मोठी हानी दुर्लक्षाइतकीच चुकीच्या दुरुस्तीने झाली आहे. होळकरकालीन भिंती दगडाच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. भट्टीतला चुना भिजवून, त्यात विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा. बांधकामाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळ, मेथी, उडीद यांचं पाणी पडायचं. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर घेते आणि हवेत सोडूनही देते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. ती वर वर सरकत जाते, क्षार बाहेर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचं पीठ होऊन भुगा पडू लागतो. इमारत सडली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती वरच्या गिलाव्याखाली घुसमटलेली असते. चुन्याला आणखी एक गुण आहे. तो थोडा लवचीक असतो आणि बारीक चिरा पावसाच्या पाण्याने स्वतःच बुजवतो. सतत हलणाऱ्या काळ्या मातीवर हा गुण फार मोलाचा आहे.

बाई : हे सगळं इंदूरच्या राजवाड्याला ठीक. 1984 च्या जाळपोळीनंतर राजवाडा पुन्हा उभा केला, अलीकडे त्याचं चुन्याचं कामही झालं. ती शहराची ओळख आहे, तिथे पैसा येतो. सरकारी शाळेला चुन्याची घाणी कोण लावून देणार? दरसूचीत सिमेंटच्या कामाचे दर ओळीने छापलेले असतात. अभियंत्याला जे दर सापडतात त्यांचंच तो अंदाजपत्रक करतो.

कारखानदार : म्हणूनच पहिले पैसे तिथे खर्च व्हायला हवेत. राजवाड्यावर काम केलेले गवंडी याच शहरात आहेत. गांधी हॉल घ्या, 1904 चा, वास्तुरचनाकार स्टीव्हन्सने आखलेला, त्याचीही दुरुस्ती झाली. चुन्यावर हात बसलेली माणसं इंदूरला मिळत नाहीत असं नाही. त्यांना शाळेपर्यंत कुणी आणत नाही, एवढंच.

बाई : ठीक. भिंत तुझी, मान्य. आता माझं बोलू दे. आजची शाळा म्हणजे फळा आणि चाळीस बाक नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळांसाठी यादीच दिली आहे: शिक्षकागणिक एक वर्ग, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, अडथळ्याविना प्रवेश, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून हाताच्या कामाचं शिक्षण आणलं. मुलांनी गटात बसावं, उठून फिरावं, काहीतरी करावं, तोडावं, जोडावं. तुझ्या त्या उंच खोलीत एका बाजूला पाटी-फळा, चौथरा, मास्तर आणि समोर रांगा. ती खोली बांधतानाच ठरलं होतं की एक बोलेल आणि बाकीचे ऐकतील.

कारखानदार : चौथरा काढता येतो.

बाई : चौथरा ही वरवरची गोष्ट झाली. त्या शाळा कुणासाठी बांधल्या होत्या, ते बघ. साताऱ्याच्या राजवाड्यातली शाळा तू नेहमी सांगतोस. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव तिथल्या पटावर चढलं आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्याच शाळकरी दिवसांत वर्गात आपल्याला वेगळं, गोणपाटावर बसावं लागे, नळाला हात लावता येत नसे आणि शिपाई नसेल तर पाणीच मिळत नसे, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या भिंतींना मी नुसता नमस्कार कसा करू? आपल्या शाळेचं जोतं तीन फूट उंच आहे. पोलिओ झालेली माझी एक विद्यार्थिनी रोज मैत्रिणींच्या खांद्यांवरून वर यायची. वारसा म्हणून मी ते जोतं जपायचं?

कारखानदार बराच वेळ गप्प राहिला. मागे कटिंग मशीन चालू होतं. पाडण्याच्या बाजूने मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात वजनदार बोलणं आहे. गळती आणि भेग हे अभियंत्याचे प्रश्न आहेत, त्यांना अभियंत्याकडे उत्तर आहे. पण एखाद्या इमारतीच्या रचनेतच काही मुलांसाठी दार ठेवलेलं नसेल, तर तिला आहे तशी जपणं हा त्या मुलांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

कारखानदार : बाई, ती तुमची विद्यार्थिनी माझ्याच वर्गात होती. तिला उचलणाऱ्यांत आम्हीही असायचो. उताराचं प्रमाण एकास बारा धरलं तर तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट उतार लागतो, मध्ये विसावा धरून थोडा जास्त. आपल्या पडवीच्या कडेने तो सरळ बसतो. माझ्या शेडमध्ये तयार करून, तिथे बोल्टने जोडून देतो. जोत्याचा एक दगडही फोडायला लागणार नाही. तसंच वरच्या मजल्यासाठी लिफ्टचा मनोरा इमारतीला न टेकता शेजारी, स्वतःच्या पायावर. लाकडी जिना एकच आहे, आग लागली तर मुलं अडकतील. म्हणून मागच्या बाजूने लोखंडी जिना. 2016 चा दिव्यांग कायदा जे मागतो ते सगळं जुन्या इमारतीत बसतं. फक्त ते तिच्या पोटात कोंबायचं नाही, शेजारी उभं करायचं.

बाई : आणि वर्ग?

कारखानदार : वर्ग मोठे आहेत हा आपला फायदा आहे. नव्या नकाशात प्रत्येक चौरस फुटाचा हिशोब असतो, चाळीस मुलं बसली की हलायला जागा नाही. जुन्या खोलीत चार गट चार कोपऱ्यांत बसू शकतात. आवाज घुमतो, तो कमी करता येतो. वर्गात आवाज विरायला अर्ध्या-पाऊण सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये असं मानतात, आपल्या खोलीत तो कितीतरी जास्त असणार. छताखाली नमद्याच्या पट्ट्या टांगायच्या, मागच्या भिंतीवर मुलांची चित्रं टोचायला जाड मऊ फळे लावायचे. उजेडासाठी आपल्याकडे जुना उपाय आहेच, कौलांत मधेमधे काचेची कौलं.

बाई : विजेची तारांबळ? प्रत्येक वर्गात स्क्रीन, संगणक. लाकडी तुळया आणि जुनाट वायरिंग. 16 जुलै 2004 ला कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं जळाली. तिथे छप्पर शाकारलेलं होतं हे मला माहीत आहे, पण आग विचारून लागत नाही.

कारखानदार : सगळं जुनं वायरिंग काढून टाकायचं. नव्या तारा भिंत न फोडता उघड्या धातूच्या नळ्यांतून न्यायच्या. जास्त भार ज्याला लागतो, म्हणजे रसायनशाळा, गॅस, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं, संगणकांची खोली, ते सगळं जुन्या इमारतीतून बाहेर काढायचं आणि मागे एकमजली नव्या शेडमध्ये न्यायचं. पाणी आणि आग जुन्या भिंतींपासून लांब. तुमची नवी इमारत मला पूर्ण नको असं नाही. तुम्हाला हवी तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी मला हवी, पण जुनीच्या जागी नको, तिच्या मागे हवी.

इथे मला पॅट्रिक गेडीसची आठवण होते. हा स्कॉटिश नगररचनाकार 1917 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या काळात इंदूरला आला, गल्लीबोळांतून पायी हिंडला आणि 1918 मध्ये त्याने इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्या काळी गजबजलेली वस्ती दिसली की सरसकट पाडून सरळ रस्ता काढायची पद्धत होती. गेडीसने ती नाकारली. प्रत्येक घर बघायचं, खरोखर पडायला आलेली मोजकी घरं काढायची, मोकळ्या झालेल्या जागेत हवा आणि झाड येऊ द्यायचं आणि बाकीची वस्ती दुरुस्त करून राहती ठेवायची, असा त्याचा आग्रह होता. त्याच अहवालात त्याने इंदूरला विद्यापीठ कसं असावं याचाही विचार मांडला. विद्यापीठ यायला 1964 उजाडलं. घर पाडायच्या आधी घरात जाऊन बघायचं, हा धडा इंदूरच्या दप्तरात शंभर वर्षांपासून लिहिलेला आहे आणि शाळांच्या बाबतीत आपण तो उघडलाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाई : तुला एक सांगते. ताराबाई मोडकांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. इमारत नव्हतीच. शिकणं इमारतीत नसतं, हे मी तीस वर्षं म्हणत आले.

कारखानदार : मग नव्या इमारतीचा एवढा आग्रह का, बाई?

बाई : आग्रह इमारतीचा नाही. नवी इमारत झाली की सरकार तिला शाळा मानतं. शिक्षकांची पदं भरली जातात, प्रयोगशाळेला सामान येतं, बस येते. आपल्याकडे सरकारच्या सीएम राइज शाळा आल्या, 2025 मध्ये त्यांना सांदीपनी विद्यालय नाव दिलं. याच रस्त्याने उज्जैनला गेलास की सांदीपनींचा आश्रम लागतो, तिथलंच नाव. त्या शाळांमध्ये मुलांची गर्दी होते, ती नुसत्या नव्या भिंतींसाठी नाही. जुन्या शाळेला मात्र एकदा जीर्ण म्हटलं की पुढे कोणी काही देत नाही. पट घटतो, मग पट घटला म्हणून शाळा बंद. मी हे होताना पाहिलंय. मला शाळा वाचवायची आहे. ती इमारत पाडून वाचत असेल तर पाडा.

कारखानदार : आणि इमारत गेल्यावर जागा शाळेकडेच राहील याची खात्री? शहराच्या मध्यावरची जागा आहे.

बाई काही बोलल्या नाहीत. पुण्याच्या भिडेवाड्याचं उदाहरण दोघांनाही माहीत होतं. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली तो बुधवार पेठेतला वाडा. स्मारक करायचं म्हणून मागणी होत राहिली, खटले चालले आणि तोवर वाडा मोडकळीला आला. डिसेंबर 2023 मध्ये तो पाडला गेला, त्या जागी आता स्मारक उभारायचं ठरलं आहे. स्मारक व्हायलाच हवं. पण मुलींची ती शाळा जिथे सुरू झाली त्या खोलीत उभं राहणं आता कुणालाच शक्य नाही, आणि ती खोली वाचवायची वेळ खटल्याच्या निकालाच्या कितीतरी आधी निघून गेली होती.

मोठ्या संस्थाही या प्रश्नावर डगमगतात. अहमदाबादच्या आयआयएमने लुई कानने बांधलेल्या ग्रंथालयाची दुरुस्ती केली, 2019 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेने त्याच वास्तुरचनाकाराची वसतिगृहं पाडायचा विचार 2020 मध्ये मांडला, जगभरातून विरोध झाल्यावर 2021 मध्ये मागे घेतला आणि पुढे पुन्हा बोलून दाखवला. त्या इमारती तर साठ-सत्तर वर्षांच्याही नाहीत.

कारखानदार : तिथे विटांच्या आत घातलेलं लोखंड गंजलं आणि गंजलेलं लोखंड फुगून विटा फोडतं. लोखंडवाला म्हणून सांगतो, आपल्या शाळेतही मागच्या खोल्यांना गर्डरवर विटांच्या कमानी आहेत. खरा धोका तिथेच आहे, दगडी भागात नाही. त्या तीन खोल्या पाडायच्या असतील तर माझी हरकत नाही. मीच गॅसकटर लावून देतो.

बाई : म्हणजे पाडायला तू तयार आहेस.

कारखानदार : मोजून झाल्यावर, जे खरंच गेलंय तेवढं.

बाई : मग माझ्याही अटी ऐक. तपासणी पूर्ण होईपर्यंत संशयातल्या खोल्यांना कुलूप. मुलींचं स्वच्छतागृह सगळ्यात आधी, कमानींना रंग त्याच्या नंतर. उतार पहिल्या वर्षातच झाला पाहिजे. आणि तू देणार ते पोलाद एकदाचं देऊन मोकळं व्हायचं नाही. समितीने देखभालीची वेगळी ठेव ठेवायची, तिच्या व्याजातून दर मे महिन्यात छप्पर आणि पन्हळी साफ झाल्याच पाहिजेत. ते ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी मी पुन्हा नव्या इमारतीचा कागद घेऊन तुझ्याकडे येईन.

कारखानदार : मान्य. पण ठेवीत तुमचंही नाव असू द्या.

बाई : निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमधून जमेल तेवढं.

माझं मत विचाराल तर ते कारखानदाराच्या बाजूने झुकतं, पण बाईंच्या अटींसकट. त्या अटी वगळून जुनी शाळा वाचवा म्हणणाऱ्यांच्या मागे मी उभा राहणार नाही. शाळेची जुनी इमारत जपायची तर ती शाळा म्हणूनच जपली पाहिजे. तिचं संग्रहालय किंवा हॉटेल झालं तर दगड वाचतील, शाळा जाईल. ती शाळा राहायची असेल तर आजच्या मुलीला तिथे पाणी पिता आलं पाहिजे, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला एकट्याने वर्गात जाता आलं पाहिजे आणि छपराकडे बघून कुठल्या शिक्षिकेच्या पोटात गोळा येता कामा नये. एवढं जमवायला पाडण्याइतकी घाई लागत नाही. वर्षभर मोजणी, चुन्याचा एक चांगला गवंडी, मागे एक साधी शेड आणि दर वर्षी ठरलेला थोडा खर्च लागतो. याउलट ज्या भागात लोखंड गंजून फुगलंय तो भाग पाडायला एक दिवसही थांबू नये.

शहर म्हणून आपण हे करू शकतो. 2017 पासून सलग आठ स्वच्छता सर्वेक्षणांत इंदूर देशात पहिलं आलं, ते रोज पहाटे ठरलेल्या वेळी कचऱ्याची गाडी आली म्हणून. शाळेच्या छपरालाही तसाच ठरलेला दिवस हवा.

तुमची शाळा इंदूरची असो, साताऱ्याची असो की आणखी कुठली, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की कमान, पुतळा, स्मरणिका यांवर वर्गणी निघते. या वर्षी त्यातला पहिला हिस्सा दुसरीकडे द्या. मृग लागायच्या आधी जाणता माणूस छपरावर चढवा. सरकलेली कौलं बसवून घ्या, पन्हळीतला पालापाचोळा काढा, भिंतीतलं पिंपळाचं रोप मुळासकट उपटा, भेगांवर तारीख घालून काचेच्या पट्ट्या लावा आणि त्या नोंदीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या हातात द्या.